पळीने विकलेला मासा

एका बंदरावर दोन जावा राहत होत्या. त्यांचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही होडीवर, वर्षातले बरेच दिवस पाण्यातच. घरं शेजारी शेजारी, मध्ये एक कुडाची भिंत. धंदाही दोघींचा एकच. काचेच्या हंडीत शोभेचे मासे पाळायचे आणि विकायचे.

आता तुम्ही म्हणाल, मासे कसले पाळता, मासे खायचे असतात! अहो, पण त्या बंदरावरच्या लोकांना हौस भारी. घर एवढंसं असलं तरी ओसरीवर काचेची हंडी हवीच, हंडीत समुद्राचं पाणी हवं आणि त्यात एखादा रंगीत मासा हवा. पाहुणा आला की आधी हंडीपाशी जायचा, मग घोटभर पाणी प्यायचा.

त्या बंदराची एक रीत होती. मासा विकताना जाळं नाही, वाटी नाही. विकणारीने हात ओले करायचे, ओंजळ पाण्यात बुडवायची, मासा पाण्यासकट उचलायचा आणि घेणाऱ्याच्या हंडीत सोडायचा. घरी पाणी बदलतानाही तसंच. एकाने मासा ओंजळीत धरायचा, दुसऱ्याने भराभर पाणी बदलायचं. त्यामुळे तिथली शेंबडी पोरंसुद्धा बिनधास्त हंडीत हात घालायची. दुकानातून आलेला मासा म्हणजे हातात घेण्याजोगाच, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसे.

धंदा खरं तर थोरलीने सुरू केला होता. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला माशाचं शेपूट कुठलं आणि डोकं कुठलं तेही कळत नव्हतं. थोरलीनेच तिला शिकवलं. पाणी कुठल्या खडकापासून आणायचं, हंडी कशी घासायची, ओंजळ कशी धरायची. आणि झालं काय, तर वर्षभरात सगळी गिऱ्हाइकं धाकटीकडे. तिचा हात हलका होता, बोलणं गोड होतं, आणि मासाही तिच्याकडे कसा कोण जाणे जास्त जगायचा.

थोरलीचा जळफळाट झाला. झालाच. तुमचाही झाला असता.

कुडाला एक भोक होतं. थोरली सकाळपासून त्या भोकाला डोळा लावून बसायची. कोण आलं, काय घेतलं, किती हसलं. पलीकडे धाकटी हसली की इकडे थोरली भांडी आदळायची. धाकटी कधी गरम कालवणाची वाटी घेऊन यायची, “अक्का, तुमच्यासाठी आणलंय, गरम आहे तोवर खा.” थोरली वाटी घ्यायची आणि ती गेली की पुटपुटायची, “मेली दाखवायला येते, माझ्याकडे बघा किती उतू चाललंय म्हणून.” कालवण मात्र बोटं चाटून संपवायची. मन्या नावाचा एक बोका होता, दोन्ही घरचं खायचा. तोही झोपायला धाकटीकडेच जायचा. थोरलीला त्याचाही राग.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. देवीच्या देवळात एक मोठी हंडी होती. पावसाळा सरून होड्या पुन्हा समुद्रात उतरायच्या त्या दिवशी जत्रा भरे. होड्यांचा म्होरक्या, म्हणजे मोठा तांडेल, सगळ्या मासेवाल्यांचे मासे बघे आणि एक मासा देवीच्या हंडीसाठी निवडी. ज्याचा मासा निवडला त्याला नारळ आणि वर्षभराचा मान. तो मासा देवीच्या हंडीत सोडायचा कुणी? तर गेल्या वर्षी ज्याला मान मिळाला होता त्याने, स्वतःच्या ओंजळीने. ‘माझा मान आता तुझा’ असं सांगायची ती पद्धत. दरवर्षी धाकटीचाच मासा निवडला जाई आणि दरवर्षी धाकटीच तो सोडी. थोरली गर्दीत उभी राहून टाळ्या वाजवी. कशा वाजवी ते विचारू नका.

एकदा दूरच्या मुलखातलं एक गलबत बंदरात लागलं. एक खलाशी लाकडी पिंप घेऊन थोरलीच्या दारात आला आणि म्हणाला, “बाई, इथे माशांची एक नावाजलेली बाई राहते म्हणे. घर कुठलं?”

थोरलीला कळलं, हा कुणाला विचारतोय ते. तिने कुडाकडे बघितलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, “मीच ती.”

खलाशाने पिंपाचं झाकण काढलं. आत मासे होते, पण काय मासे! लाल-पांढरे पट्टे, अंगाभोवती पिसांसारखे पसरलेले पंख, आणि चाल अशी डौलदार की बघणाऱ्याने बघतच राहावं. थोरली पिंपावर वाकली.

“ऐका,” खलाशी म्हणाला, “देखणा आहे, पण विषारी आहे. पाठीवर हे काटे दिसतात ना, त्यात विष भरलंय. आमचा एक गडी याने गेला. हात लावायचा नाही. चुकून काटा लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवायचा आणि वैद्याला बोलवायचं. घेणाऱ्याला हे सांगूनच द्या. नाहीतर देऊच नका.”

“सांगेन की,” थोरली म्हणाली. आणि तिने अख्खं पिंप घेतलं.

सांगितलं का? सांगितलं असतं तर गिऱ्हाईक म्हणालं असतं, विषारी मासा घेऊन काय पोरांच्या जिवावर उठू? आणि गेलं असतं तडक पलीकडे. थोरलीला ते भोकातून बघावं लागलं असतं. ते काही तिला सोसवणार नव्हतं. तिने माशाला ‘राणीमासा’ असं नाव दिलं, लांब दांड्याची एक पितळी पळी घासूनपुसून लखलखीत केली आणि पहिल्याच बाईला सांगितलं, “याला हात लावायचा नाही हो. हाताने रंग उतरतो. राणी आहे ती, पळीनेच घ्यायची.”

झालं! गावाला पळीचंच कौतुक. जो तो राणीमासा मागायला लागला. सोनाराच्या घरी गेला, शिंप्याच्या घरी गेला, देवळाच्या पुजाऱ्याच्या घरीसुद्धा गेला. धाकटीच्या दारातली गर्दी ओसरली. एक दिवस थोरलीने भोकातून बघितलं तर धाकटी एकटीच हंड्या पुसत बसलेली. थोरलीला इतका आनंद झाला की तिने त्या दिवशी गोड शिरा केला.

आणि त्याच दुपारी मन्या बोक्याने थोरलीच्या हंडीत पंजा घातला. मांजरच ते, माशाचा मोह त्याला कसा आवरणार? एकदाच ओरडला. थोरली धावत येईपर्यंत जमिनीवर आडवा झाला होता, आणि थोड्या वेळाने त्याचा श्वास थांबला.

थोरलीने आधी दार लावून घेतलं. तिने कुणाला न कळता मागच्या माडाखाली खड्डा खणून त्याला पुरलं. संध्याकाळी पलीकडून धाकटीच्या हाका ऐकू आल्या, “मन्या, मन्या, ये रे बाळा!” मग कुडावरून तिने विचारलं, “अक्का, मन्या दिसला का हो तुम्हाला?”

“गेला असेल कुठेतरी उंडगायला,” थोरली म्हणाली.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. घरोघरी जाऊन सांगावं, असं तिच्या मनात आलंसुद्धा. पण जत्रा तोंडावर आली होती. ती स्वतःशी म्हणाली, पळीने घ्या असं सांगितलंय ना मी? मग झालं तर. एकदा मान मिळू दे, मग सांगू सगळ्यांना सावकाश.

जत्रेचा दिवस उजाडला. देवळासमोर मांडव, बाजूला प्रसादाच्या भाताची मोठी चूल, होड्यांना पताका. मोठा तांडेल एकेका हंडीसमोरून फिरला आणि राणीमाशापुढे थांबला तो हललाच नाही. “यंदाचा मान थोरलीचा!” तो ओरडला, आणि सगळं बंदर टाळ्या वाजवायला लागलं.

थोरलीने आधी धाकटीकडे बघितलं. तिचं तोंड उतरलेलं बघायचं होतं ना! पण धाकटी हसत होती. डोळे पुसत पुसत हसत होती. ती पुढे आली, थोरलीच्या पाया पडली आणि म्हणाली, “अक्का, ज्यांनी शिकवलं त्यांना मागे ठेवून दरवर्षी मीच पुढे व्हायची. मला फार लाज वाटायची हो. आज बरं वाटलं.”

थोरलीने पितळी पळी तिच्यापुढे केली.

“पळी?” धाकटी म्हणाली. “देवीच्या हंडीत आणि पळीने? तुमच्या पहिल्या मानाला पळी नाही लावायची मी. काळजी करू नका, रंग उतरू देणार नाही. अगदी अलगद घेते.” तिने पळी बाजूला ठेवली, बांगड्या मागे सारल्या आणि हात ओले केले.

आता बघा. एक शब्द पुरे होता. ‘विष’ एवढाच. पण तो बोलला की मान गेला, नारळ गेला, धंदा गेला, आणि सगळ्या बंदरासमोर तोंड काळं. आणि नाही बोलला तर? तर पुन्हा कधी त्या भोकाला डोळा लावावा लागणार नव्हता. हा विचार थोरलीच्या मनात आला. एक क्षणभर आला, आणि त्या क्षणी ती गप्प राहिली.

धाकटीने ओंजळ पाण्याकडे नेली. तीच ओंजळ, बोटं जुळवलेली, अंगठे आत घेतलेले. तशी धरायला थोरलीनेच तिला शिकवलं होतं, तिचे हात आपल्या हातात घेऊन. थोरलीला ते आठवलं आणि मन्याचं ओरडणंही आठवलं. तिला ओरडायचं होतं, पण घशातून आवाजच निघेना. तिने पुढे झेप घेतली, धाकटीच्या ओंजळीखाली आपला उजवा हात घातला आणि तिचे हात वर उडवले, पण त्या झोकात तिचा स्वतःचा हात हंडीतल्या माशावर आपटला.

काटा थोरलीच्या तळहातात गेला.

मग आवाज निघाला. असा निघाला की होड्यांवरची माणसं वळून बघायला लागली. “विष आहे! काट्यात विष आहे! मला माहीत होतं गं, मला माहीत होतं! घरोघरी दिलाय मी, धावा, कुणाला हंडीत हात घालू देऊ नका!”

मांडवात एकच गोंधळ उडाला. सोनाराची सून किंचाळत घराकडे पळाली. सणासाठी पाणी बदलायचं म्हणून ती पोरांना हंडीपाशी बसवून आली होती. ती पोहोचली तेव्हा तिच्या धाकट्या पोराने बाह्या वर केल्या होत्या. तिने त्याला मागच्या मागे ओढलं आणि मग उंबऱ्यातच बसून रडली.

इकडे थोरलीचा हात कोपरापर्यंत सुजला होता. “गरम पाणी,” ती कण्हत म्हणाली. धाकटीने प्रसादाच्या चुलीवरून पाणी आणलं, आपल्या हातावर घेऊन बघितलं आणि थोरलीचा हात त्यात बुडवून धरला. वैद्य आला तरी तिने तो सोडला नाही. थोरली वेदनेने तळमळत होती आणि मधूनच म्हणत होती, “मन्याला मीच मारलं गं. आणि तुलाही... मी गप्प राहिले होते. क्षणभर गप्प राहिले होते.”

धाकटीचा हात थांबला. मग पाण्याचं भांडं जवळ ओढून म्हणाली, “हात हलवू नका, अक्का. पाणी सांडतंय.”

थोरली वाचली. पुढे गलबत आलं तेव्हा सगळे राणीमासे गोळा करून खलाशाच्या पिंपात घातले आणि त्याने ते जिथून आणले होते तिथल्या पाण्यात नेऊन सोडले. जाताना तो थोरलीला फार बोलला, आणि तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. देवीची हंडी त्या वर्षी तांडेलाने रिकामीच ठेवली. येणाराजाणारा विचारायचा, हंडी रिकामी का, आणि दर वेळी कुणीतरी त्याला सगळी गोष्ट सांगायचं. थोरलीला हेही ऐकून घ्यावं लागलं.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. ओंजळ धरली की फटीतून पाणी गळून जायचं. आणि ओंजळीवाचून त्या बंदरावर मासा विकायचा कसा? थोरलीने हंड्या पालथ्या घातल्या आणि दार लावून घेतलं.

एका सकाळी धाकटीने ते दार वाजवलं. तिच्या कडेवर माशाची हंडी होती आणि मागे एक गिऱ्हाईक उभं होतं. “अक्का,” ती म्हणाली, “हे तुमच्याकडे आलेत. उठा.”

“माझी ओंजळ गळते गं.”

“धरा तर खरी.”

थोरलीने ओंजळ धरली. पाणी गळायला लागलं. तेव्हा धाकटीने आपली ओंजळ तिच्या ओंजळीखाली लावली, आणि त्या दोन ओंजळींतून मासा गिऱ्हाइकाच्या हंडीत गेला. त्या दिवसापासून दोघींचं दुकान एकच झालं. कुडाचं भोक थोरलीने स्वतः शेणमातीने लिंपलं. मत्सर पार गेला का? छे हो, इतकी जुनी खोड एवढ्यात कुठली जायला! कुणी धाकटीच्या हाताचं जास्त कौतुक केलं की थोरली अजूनही एखादं भांडं आदळायची. मग ती आपल्या वाकड्या बोटांकडे बघायची आणि कामाला लागायची.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: जो जीव हातात घ्यायची आपली स्वतःची छाती होत नाही, तो दुसऱ्याच्या घरात देऊ नये, आणि शेजारणीच्या दारातली गर्दी बघून डोळ्यांत आग पेटली, तर विकायला बसण्याआधी ती विझवावी.