पाच शब्दकोश आणि ओसरीवरचा माणूस

एकदा एका वृद्ध भाषापंडितांकडे, कोल्हापुरात, सावंतवाडीचा एक कारागीर पत्र घेऊन आला. लाकडी खेळणी करण्यात त्याची हयात गेली होती आणि आता प्रथमच परदेशातून, थेट स्पेनमधून, मागणी आली होती. घोडे तयार होते. सोबत धाडायचे पत्र पुतण्याने इंग्रजीत लिहून दिले होते. पण तिकडच्या दुकानाच्या मालकीणबाईंना स्पॅनिशच वाचता येई. त्यांचा विश्वास बसला तर दरवर्षीची मागणी, नाही तर पुन्हा जत्रेतली पथारी.

पंडितांनी त्याला ओसरीवर बसवले आणि पत्र स्पॅनिशमध्ये उतरवायला आपली शिष्या अन्विता हिच्या हाती दिले. अन्विता हुशार होती आणि हे तिला चांगलेच ठाऊक होते.

पत्रात एक वाक्य होते : तुमच्या इच्छेप्रमाणे हे घोडे ‘लाइट’ केले आहेत. हा इंग्रजी शब्द उजेडालाही चालतो, कमी वजनालाही आणि फिक्या रंगालाही. मराठीत आपण ‘हलके’ म्हणून वजन आणि रंग दोन्ही निभावून नेतो. स्पॅनिशमध्ये ती सोय नाही. उजेडाला ‘लुथ’, वजनाला ‘लिहेरो’, रंगाला ‘क्लारो’. अन्विताने पाच शब्दकोश मांडले.

“बाहेर पाणी नेऊन दे,” पंडित म्हणाले. तिने तांब्या ठेवला आणि धावतच परतली. थोड्या वेळाने पंडित म्हणाले, “चहा दे.” मग पोहे. अन्विताच्या नाकावर राग आला.

“सर, मी भाषांतर करू की पंगत वाढू?”

“पोहे गार होतील,” पंडित शांतपणे म्हणाले.

शेवटी तिने निकाल लावला. खेळणे मुले उचलणार, म्हणजे प्रश्न वजनाचाच. तिने ‘लिहेरो’ लिहिले आणि पाकीट चिकटवून टाकले. तोच पंडित म्हणाले, “त्यांना पोह्यांवर लिंबू हवं का, विचारून ये.”

ती फणकाऱ्याने बाहेर गेली. लिंबाचे विचारून झाल्यावर काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाली, “घोडे अगदी हलके केलेत म्हणे.”

कारागीर हसला. “रंगान हलके, ताई! वजन उलट वाढला. हलक्या लाकडाचो पांगारो गावलो नाय, म्हणान आंब्याचा लाकूड घेतलंय. स्पेनसून तेंचो माणूस इललो, तेना सांगितलेला, भडक रंग नको.”

अन्विताचा चेहरा उतरला. ते पत्र तसेच गेले असते, तर बाईंनी पहिला घोडा हातात घेताच या माणसाला खोटारडा ठरवले असते. ती आत आली.

“सर, तुम्हाला ठाऊक होतं?”

“मला कसं ठाऊक असणार? एवढंच दिसत होतं, की सांगणारा माणूस ओसरीवर बसलाय आणि तू कागदाला विचारते आहेस. शब्दाचे सगळे अर्थ कोशात मिळतात गं. त्यातला नेमका कोणता, हे बोलणाऱ्याच्या मनात असतं. आणि ‘जा, विचार’ म्हटलं असतं, तर तू तुझ्या हुशारीने एक प्रश्न टाकून परतली असतीस. माणूस बोलायला लागायला थोडा वेळ द्यावा लागतो. म्हणून पोहे.”

अन्विताला स्वतःची लाज वाटली आणि हसूही आले. तिने पाकीट फाडले, ओसरीवर त्याच्या शेजारी बसली आणि पत्रातली एकेक ओळ त्याला मराठीत सांगत नव्याने लिहू लागली. रंगाची ओळ झाल्यावर तो म्हणाला, “वजन वाढला, ताही लिवा. मागाहून तेंका फसवल्यासारख्या वाटाक नको.” तिने तेही लिहिले.

शेवटी सहीची जागा आली. पुतण्याने तिथे नुसतेच ‘आपला विश्वासू’ लिहून ठेवले होते. अन्विताची लेखणी थबकली. दोन तास हा माणूस तिच्या हातचे पाणी, चहा, पोहे घेत होता.

“काका,” ती हळूच म्हणाली, “तुमचं नाव काय?”

“सगुण चितारी,” तो म्हणाला. “कोणी इचारल्यानच नाय.”