भैरोबाच्या वाटेचा कंदील

“हे सगळं ठीक आहे. पण उजेड हवाय कुणाला?”

केवलगिरी महाराजांनी असं विचारलं आणि ऋचाचं बोलणं अर्ध्यातच तुटलं.

मघापासून ती मठाच्या पारावर तीन कंदील मांडून बसली होती. मठातली चूल मी सांभाळते; मी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली, तरी तिचं कंदीलपुराण काही संपत नव्हतं.

“कुणाला म्हणजे? आम्हाला. आज वर मुक्कामाला जायचंय ना.”

“आम्हाला म्हणजे?”

“मला आणि बाबांना.”

महाराजांनी मान हलवली आणि गार चहा एका घोटात संपवला. असला चहा मी असते तर ओतून दिला असता.

ऋचा बर्गे साताऱ्याची. कॉलेजात असल्यापासून दर हिवाळ्यात मठात येते, महाराजांच्या पायाशी बसते, वर भैरोबाला जाऊन येते. डोंगर कसा चढायचा, कुठे थांबायचं, कुठे गप्प बसायचं, हे ती महाराजांकडूनच शिकली. गप्प बसायचं तेवढं अजून जमलं नव्हतं. अलीकडे तिचं नाव झालंय. तंबू, पाठपिशव्या, कंदील असलं सामान ती स्वतः वापरून बघते आणि मोबाइलवर लोकांना सांगते, हे घ्या, ते घेऊ नका. लोक ऐकतातही. त्यामुळे बोलण्यात जरा तोरा आलाय. आहे तो आहे, मी कशाला लपवू?

“हा बघा,” तिने सगळ्यात मोठा कंदील उचलला. मोठा म्हणजे तांब्याएवढाच. “दाबला की भाकरीएवढा चपटा होतो. वजन नाही, पाणी लागलं तरी बिघडत नाही. आणि उजेड...”

तिने बटण दाबलं. अख्खं अंगण पांढरं झालं. गोठ्यातली गाय दचकून उठली.

“...यांच्यात याच्या तोडीचा एकही नाही.”

“आणि तो?” महाराजांनी सगळ्यात लहान कंदिलाकडे बोट केलं. लिंबाएवढा होता बापडा.

“तो तंबूत टांगायला. चालायला काही उपयोगाचा नाही.”

तिचे वडील, जयसिंगराव, पाराच्या कडेला बसून ऐकत होते. उमेदीत त्यांनी हा डोंगर किती वेळा चढला असेल, त्यांनाच आठवत नाही. ऋचाला पहिल्यांदा वर नेलं तेही त्यांनीच, खांद्यावर बसवून. आता डोळ्यांना काचबिंदू. कडेचं सगळं गेलंय, समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. गेलं ते परत यायचं नाही, आणि उरलंय ते किती दिवस टिकेल हेही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणालेत.

म्हणून ही घाई. कार्तिकातली पौर्णिमा होती. या रात्री वर मुक्काम करायचा आणि चंद्र बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. वाटेत जीप पंक्चर झाली आणि मठात पोचेपर्यंत सूर्य मावळला. वर धुकंही उतरायला लागलं होतं.

“निघू का, महाराज?” ऋचाने विचारलं.

“आधी टाक्यापर्यंत जाऊन या.”

“टाक्यापर्यंत? तेवढ्याने काय होणार?”

महाराजांनी टाक्याकडे बोट केलं. त्यांचं असंच आहे. एकदा सांगितलं की सांगितलं.

पाण्याचं टाकं मठाच्या मागे, थोड्या पायऱ्या चढून. भैरोबाची वाट तिथूनच वर जाते. आमच्याकडची रीत अशी की मठापासून पुढे कुणी पायात काही घालत नाही. दोघांनी पायातलं काढलं आणि निघाली. मी सरपण आणायचं निमित्त करून मागे गेले. निमित्तच ते. सरपण भरपूर होतं.

ऋचा पुढे, जयसिंगराव मागे. दोन पायऱ्या चढली की ती वळायची, कंदील त्यांच्या तोंडासमोर उंच धरायची.

“दिसतंय ना, बाबा?”

“दिसतंय, दिसतंय.”

पुन्हा दोन पायऱ्या. पुन्हा वळली.

“आता दिसतंय?”

“लख्ख.”

आणि तिसऱ्या खेपेला “दिसतंय” म्हणता म्हणताच त्यांचा पाय पायरीच्या कडेवरून घसरला. गुडघ्यावर आपटले. कंदील टाकून ऋचा धावली. तो बिचारा पडल्या पडल्या आभाळाला उजेड दाखवत राहिला.

मी त्यांना धरून खाली आणलं, कंदील विझवून पारावर ठेवला. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. मी हळद दाबली.

ऋचा चिडलीच. “दिसतंय म्हणालात ना मला?”

“म्हणालो.”

“मग?”

जयसिंगराव गुडघ्याकडे बघत राहिले.

“तू एवढ्या हौसेनं आणलास... नाही कसं म्हणू?”

“म्हणजे काहीच दिसत नव्हतं?”

“पांढरं दिसत होतं. तू वळलीस की नुसता पांढरा पडदा. तुझा हात पण नाही. आणि पुढे वळलीस की काळोख.” ते थोडं थांबले. “राहू दे, ऋचा. दमलीस तू. मी इथूनच नमस्कार करतो.”

उठून उभे राहिले, टोपी सारखी केली, हात जोडले, डोळे मिटले.

भैरोबाचा कडा डावीकडे होता. ते गोठ्याकडे तोंड करून उभे होते.

मी पदर तोंडाला लावला. मला तर त्या क्षणी त्या कंदिलाचा रागच आला होता. ऋचाने वडिलांना खांद्याला धरून हलकेच डावीकडे वळवलं. मग महाराजांसमोर येऊन खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

“कुठला नेऊ, महाराज?”

तिने पहिल्यांदाच विचारलं. मघापासून ती फक्त सांगत होती.

“उजेड हवाय कुणाला?” महाराज तेच म्हणाले, तसंच.

तिने वळून वडिलांकडे बघितलं.

“बाबांना.”

“आणि तुला?”

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली.

महाराजांनी हात लांबवून तो लिंबाएवढा कंदील उचलला. बटण कुठे ते त्यांना सापडेना. तिने दाखवलं. ते दाबत गेले, उजेड कमी करत करत अगदी शेवटच्या टप्प्याला आणला. देवघरातल्या समईएवढा राहिला. मग खांद्यावरच्या भगव्या छाटीची एक पट्टी टर्रकन फाडली. नवी छाटी होती, मीच परवा धुतली होती. ती पट्टी कंदिलाच्या वरच्या अंगाला गुंडाळली, खालचं तेवढं उघडं ठेवलं.

“पाठ कर.”

ऋचाने पाठ केली. तिच्या पाठपिशवीच्या अगदी खालच्या पट्ट्याला महाराजांनी तो कंदील घट्ट बांधला. उजेड खाली पडला. अंगणात बाकी सगळीकडे अंधारत चाललं होतं आणि तिच्या दोन टाचा तेवढ्या दिसत होत्या.

“महाराज,” ती मागे बघायचा प्रयत्न करत म्हणाली, “मग मला पुढचं कसं दिसणार?”

महाराज पारावर जाऊन बसले. पाठ भिंतीला टेकली.

“महाराज?”

त्यांनी डोळे मिटले.

ती उभी राहिली. मला वाटलं आता वाद घालते, दुसरा कंदील हातात घेते. मोठा कंदील पारावर होताच, हात लांबवायचा अवकाश. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा, पण घेतला नाही.

मग जयसिंगरावांना म्हणाली, “बाबा, चला. आणि दिसलं नाही तर नाही म्हणा. मला राग येणार नाही.”

“नाही म्हणेन,” ते म्हणाले.

तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. अंगठ्याने कड चाचपली. दुसरी पायरी. तिसरी. जिथे वडील पडले त्या पायरीशी जरा अडखळल्यासारखी झाली, मग पाय आपसूक भिंतीच्या बाजूला सरकला. एवढी वर्षं अनवाणी चढली होती ती वाट. पायांना सगळं ठाऊक होतं, तिने पायांना कधी विचारलंच नव्हतं. तिच्या मागे जयसिंगराव, मान खाली, एकेक पाऊल टाकत. ती एकदाही वळली नाही. टाक्यापाशी पोचल्यावर फक्त आवाज आला.

“दिसतंय, बाबा?”

“दिसतंय.” आणि जरा वेळाने, “खरंच दिसतंय गं.”

मग धुक्याने दोघांना घेतलं.

आता खालच्यांचं सांगते. वर भैरोबापुढे घंटा आहे. जो वर पोचतो त्याने ती वाजवायची, म्हणजे मठात कळतं. आणि ज्याची त्याने वाजवायची, एकाने दुसऱ्याच्या नावाची वाजवलेली चालत नाही. कुणाला कडेवर घेऊन नेलं तरी त्याचा हात दोरीला लागायला हवा.

मी भाकरी थापल्या, महाराजांना वाढलं. ते जेवले. मला घास उतरेना. वरच्या टप्प्यावर एक चिंचोळी जागा आहे, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. मला सारखी तीच दिसत होती.

“महाराज, चुकलं तर नाही ना आपलं?”

“ताक आहे का?” महाराज म्हणाले.

मी ताक दिलं. काय बोलणार?

धुक्यामागे चंद्र वर आला असावा, कारण अंगण दुधाळ झालं. गाय रवंथ करत होती. मी भांडी घासली, पुसली, पुन्हा घासली.

आणि घंटा वाजली.

एकच टोला. स्वच्छ, ठाम. ती ऋचाची. तिचा हात मी ओळखते.

मग काही नाही.

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मी महाराजांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते, पण तळहात गुडघ्यावर दाबून धरला होता. म्हणजे त्यांनाही काळजी...

काही नाही. अजून काही नाही.

मग एक हलकासा आवाज आला, बोट लागल्यासारखा. कुणीतरी अंधारात दोरी चाचपत असावं. पुन्हा थांबलं. आणि मग जी घंटा सुरू झाली ती थांबेचना. आडवीतिडवी, बेताल, लहान मुलाच्या हातात दिल्यासारखी. अख्खी दरी वाजत होती. खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली, कुणीतरी दार उघडून बाहेर आलं. मी अंगणात उभी राहून रडत होते आणि हसतही होते, मला लाज वाटायचं काही कारण नव्हतं.

“जिंकले हो जयसिंगराव,” मी म्हणाले.

महाराजांनी गुडघ्यावरचा हात उचलला. “सकाळी शिरा कर,” म्हणाले.

सकाळी दोघं उतरली ती उन्हात. या खेपेला जयसिंगराव पुढे होते आणि ऋचा मागे. ते भिंतीला हात लावून, मान इकडून तिकडे फिरवत, वाटेतला एकेक दगड बघत येत होते. टाक्यापासूनच त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“महाराज, धुकं खालीच राहिलं,” ते पाराशी येऊन म्हणाले. “वर नुसता चंद्र. मला वाटलं होतं अर्धामुर्धा दिसेल. पण मावला हो. या एवढ्याशा नळीत आख्खा मावला.”

ते सांगत होते आणि शिरा खात होते. मी दुसऱ्यांदा वाढला तोही खाल्ला.

ऋचा शांत होती. इतकी शांत ती मी कधी बघितली नव्हती. पण चेहरा असा फुलला होता की विचारू नका. तिने पाठपिशवी उतरवली, कंदील सोडला, छाटीच्या पट्टीची नीट घडी केली आणि महाराजांपुढे ठेवली. तिन्ही कंदील पुन्हा पारावर एका ओळीत आले.

“एक विचारू?” ती म्हणाली. “लोक मला विचारतात, डोंगरात न्यायला कुठला कंदील घ्यायचा. आता काय सांगू?”

महाराजांनी तिन्ही कंदिलांकडे बघितलं. मग जयसिंगरावांकडे वळले.

“कंदील कसा होता?”

“कंदील?” जयसिंगराव शिऱ्याचा घास हातातच धरून विचारात पडले. “कंदिलाकडे कुठे बघितलं मी? मी हिच्या टाचा बघत गेलो. टाच उचलली की उचलायचा, टेकली की टेकायचा... भेगा किती पडल्यात हो पोरीच्या पायांना.”

ऋचाने लाजून पाय पारावर ओढून घेतले.

महाराज वाकले. तिच्या टाचांकडे बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, “देवाच्या दिव्याचं तेल आण.”

मी वाटी आणली. त्यांनी ती ऋचाच्या पुढ्यात सरकवली.

“टाचांना लाव. पुढच्या वर्षी लागतील.”