सटवाईपुढचे पाकीट

सांबरगडाच्या वाटेवर सटवाईचे ठाणे आहे. तिच्यापुढे एक काळा दगड असतो आणि बहुतेक वेळा त्याखाली न फोडलेले एखादे पाकीट. गड बघायला आलेले लोक विचारतातच. मग सखोबा गुरव काठी आडवी ठेवून पायरीवर बसतात आणि सांगतात.

फार मागची गोष्ट. गडाला गनिमाचा वेढा पडून पाच महिने झाले होते. किल्लेदार मानकोजी मोठा शूर, पण त्याला अक्षर येत नव्हते. गडावर वाचता येणारे एकटे अंताजीपंत कारकून. सरकारची पत्रे मागच्या कड्यावरून दोराने वर घेत आणि पंत ती सदरेवर सगळ्यांदेखत वाचून दाखवत. त्यांची मुलगी गोदा तान्ह्या बाळासह गडावरच होती.

एकदा पत्र आले, कुमक येणार नाही. तेव्हा मानकोजी तापाने फणफणला होता, माणसे कोंड्याची भाकर खात होती. पंतांची जीभ रेटेना. त्यांनी वाचले, "इकडील सर्व क्षेम. फौज निघाली आहे." मानकोजी म्हणे उठून बसला. बायकांनी गडावरच्या देवीची ओटी भरली. पंतांना वाटले, आपण पुण्यच केले. पुढची दोन पत्रेही त्यांनी अशीच वाचली आणि फौज पार दोन मजलांवर आणून ठेवली. बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हते, पण व्हायचे ते झाले.

चौथे पत्र आले. युद्ध संपले, तह झाला. तीन दिवसांत गड खाली केला तर बायकामुलांसह वाट मिळेल, नाहीतर कोणाची गय नाही. हे मात्र पंतांनी अक्षरन् अक्षर खरे वाचले.

सदरेवर हशा पिकला. "फौज दाराशी आली आणि आता तह? हा गनिमाचा बनाव आहे," मानकोजी म्हणाला. पंतांनी त्याच्या पायांवर डोके ठेवून सगळे कबूल केले. मानकोजीला राग आला नाही, कीव आली. "भ्यालात तुम्ही, पंत. दोराने उतरून जा. कोणी अडवणार नाही."

पंतांनी गोदाला चल म्हणून हात जोडले. ती बाळाला थोपटत म्हणाली, "आबा, तुम्हीच तर वाचलंत ना, फौज येतेय म्हणून?"

तेव्हा पंत ते पत्र घेऊन एकटेच उतरले, दुसरा वाचणारा आणायला. खालच्या गावातले जोशी आधी यायला धजेनात. तिसऱ्या दिवशी, मुदत सरता सरता, त्यांना घेऊन पंत इथवर पोचले आणि वर पहिली तोफ झाली. गडावरचे कोणी उरले नाही असे सांगतात. पंतांनी ते पत्र या सटवाईपुढे दगडाखाली ठेवले आणि पुन्हा कधी काही वाचले नाही.

आजही गडाखालच्या सांबरवाडीत पत्र एकट्याने वाचत नाहीत. एकाने वाचायचे, मग दुसऱ्याने. दुसरा मिळेपर्यंत ते दगडाखाली राहते.

परवा पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारले, आत्ता आहे ते कोणाचे?

"माझंच," सखोबा म्हणाले. "नातू पलटणीत हाय. त्याच्या सायबाचं आलंय, चार दिस झाले." त्यांनी पाकीट काढून बाईंच्या हातात दिले आणि खिशातून चष्मा काढला. "आधी तुम्ही वाचा, ताई. लिवलंय तेच वाचा. तुमच्यामागनं मी वाचणारच हाय."