म्यान नको म्हणणारा कोयता

हत्यारांना वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. उंच झाडांच्या फांद्या छाटणाऱ्या भागोजीकडे एक धारदार कोयता होता. चामड्याचं म्यान घालायचं मात्र त्याच्या अगदी जिवावर यायचं.

“कानटोपी म्हाताऱ्यांनी घालावी. मला कुठे थंडी वाजतेय?” असं म्हणत तो रोज म्यान झटकून पिशवीत उघडाच लोळायचा.

शेजारी चढायचा दोर असायचा. तो विनवायचा, “कोयतेराव, जरा पलीकडे सरका. तुमची धार लागते मला.”

“फारच नाजूक बुवा तू!” कोयता हसायचा.

एका सकाळी भागोजीला उंच आंब्यावर चढायचं होतं. नेहमीसारखा त्याने आधी दोर वीत-वीत हातातून सरकवून पाहिला. मध्येच त्याचा अंगठा थबकला. दोराच्या तीन पेडांपैकी दोन तुटले होते.

“अरे देवा! याच्यावर मी लोंबकळणार होतो!” भागोजी म्हणाला. तेवढा तुकडा कापायला त्याने कोयताच उचलला. आपण बोथट असतो तर बरं झालं असतं, असं कोयत्याला पहिल्यांदाच वाटलं.

त्याच तुकड्याने कोयत्याला म्यान बांधून भागोजी नवा दोर आणायला गेला.

“फार आवळतोय का, कोयतेराव?” तुकड्याने विचारलं.

“नाही रे,” आतून आवाज आला. “आणखी एक गाठ मार.”