तीन दट्ट्यांची तुतारी

एका राज्यात कोणालाच बसता येत नव्हतं. राजा दरबार भरवी तो चालता चालता. प्रधान मागून धावत सल्ला देई, आणि बायका भाकऱ्या थापत त्या चुलीभोवती फेऱ्या घालून. चिमण्या फांदीला नुसते पाय लावीत आणि उडत. हसू नका, तीन दिवस असं काढून बघा म्हणजे कळेल.

झालं होतं ते असं. फार पूर्वी धूम्रजिव्ह नावाचा मांत्रिक त्या दरबारात आला. त्याला कोणी बसायला पाट दिला नाही. तो संतापला आणि म्हणाला, "आजपासून या राज्यात कोणाला बूड टेकता येणार नाही." तेव्हा एका साधूनं तोड काढली. त्यानं पितळेची तुतारी घडवली आणि तिला बोटांनी दाबायचे तीन दट्टे बसवले. रोज दिवस मावळताना ती वाजवायची. पहिल्या दट्ट्याच्या सुरानं पाय थांबत, दुसऱ्याच्या सुरानं पाठ टेके, तिसऱ्याच्या सुरानं डोळा लागे. मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत शाप गुमान राही.

अशा सहा पिढ्या गेल्या. सातव्या पिढीचा तुतारीवाला भिवजी. त्या दसऱ्याला रिवाजाप्रमाणे तुतारीची पूजा झाली. भटजींनी दट्ट्यांना तूप चोपडलं, वर कुंकू वाहिलं, गूळपाणी शिंपडलं. राजानं स्वहस्ते भिवजीला पेढा भरवला. भिवजीनं ओठ पुसले आणि तुतारी फुंकली. पहिला दट्टा खाली गेला तो वर येईना. दुसरा अर्ध्यात अडकला. तिसरा जागचा हललाच नाही, आणि सारं राज्य चालू लागलं.

चौथ्या दिवशी उजाडताच भिवजीच्या बायकोला, येसूला, कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, तीन दिवसांची चाललेली, पाय सुजून खांब झालेले. सुईण तिच्या शेजारून चालत भिवजीला म्हणाली, "दिवस मावळायच्या आत हिची पाठ टेकली पाहिजे. नाहीतर दोघंही हाती लागायची नाहीत." भिवजी राजवाड्याकडे धावला.

राजा अंगणात येरझाऱ्या घालत होता. "भिवजी, तुतारी मुकी का?"

"महाराज, मांत्रिकानं डाव साधला."

"तर त्याच्याकडे जा. राणीची साळुंकी वाट दाखवील."

भिवजीनं तुतारी पाठीला बांधली आणि तो निघाला. साळुंकी बोलकी होती, आणि तीन दिवस टेकायला न मिळाल्यामुळे तिचं बोलणं जरा जास्तच तिखट झालं होतं. हद्दीवरच्या टेकडीभोवती धूम्रजिव्ह गोल गोल चालत होता. चालून चालून जमिनीत कमरेइतकी चर पडली होती. भिवजी काठावरून त्याच्या बरोबरीनं चालू लागला.

"मी तुझ्या तुतारीला बोटही लावलेलं नाही," मांत्रिक म्हणाला. "शाप माझा, चिकटा तुमचा. माझा शाप मलाही लागला, बाबा. आधी तुतारी इथवर ऐकू यायची, मीही बसायचो. पिढ्यांमागून पिढ्या तिचा आवाज दबत गेला. शंभर वर्षं मी टेकलेलो नाही."

"मग शाप मागे घ्या."

"मंत्राला आसन लागतं. उभ्यानं शाप देता येतो, मागे घेता येत नाही."

तुतारीचा चिकटा काढायला मांत्रिकानं तीन वस्तू सांगितल्या. पळत्या वेलीचं पातळ तेल, तीनच थेंब. खऱ्या झऱ्याचं कोमट पाणी. आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं, धागा न सुटणारं फडकं.

पळती वेल माणूस दिसताच पळे. पण भिवजीला तरी कुठं थांबता येत होतं? तो तिच्या मागं चालतच राहिला. दुपारपर्यंत वेल दमली, आणि तीन थेंब देऊन मोकळी झाली.

खरा झरा खळखळा उकळत होता. झऱ्यानं विचारलं, "तुतारी कोणामुळे अडली?"

"शापामुळे," भिवजी म्हणाला. पाणी आणखी उसळलं.

"भटजींच्या तुपामुळे." हातावर चटका बसला.

डोक्यावर घिरट्या घालणारी साळुंकी म्हणाली, "खरं बोल की रे. तिथं येसू चालतेय."

भिवजीला रडू आलं. "माझ्यामुळे. पेढा खाऊन चूळही न भरता मी फुंकली. वडील म्हणाले, देव उघडून बघायचा नसतो. म्हणून मी ती एकदाही उघडली नाही, धुतली नाही. मला भीती वाटायची." पाणी कोमट झालं. त्यानं घागर भरली आणि घराची वाट धरली.

ऊन कलंडलं होतं. येसूनं बाळाच्या दुपट्यासाठी जपलेलं जुनं लुगडं चालता चालता टर्रकन फाडून त्याच्या हातात दिलं. "लवकर करा," एवढंच म्हणाली.

तुतारी घागरीत बुडणार, इतक्यात भटजी धावत आले. "सात पिढ्यांचं कुंकू धुतोस? पाप लागेल."

"लागू दे, भटजीबुवा. तुम्ही नुसती घागर धरून चाला."

भटजींनी येसूकडे पाहिलं आणि मुकाट्यानं घागर धरली. भिवजीनं टोपणं फिरवून दट्टे काढले, धुतले, पुसले. नळीतून काळी राड निघाली. एकेका दट्ट्याला एकेक थेंब तेल लावलं, घाईघाईनं बसवले आणि फुंकली. फुस्स! आवाजच नाही.

"दट्ट्यांवरची टिंबं बघ," साळुंकी ओरडली. "एक टिंब पहिल्या घराचं, तीन टिंबं तिसऱ्याचं. तू उलटे घातलेस."

भिवजीनं दट्टे काढले, टिंबं मोजली, ज्याला त्याला त्याच्या घरात बसवलं. अर्धा सूर्य डोंगराआड गेला होता. पहिला दट्टा दाबला, तो खाली गेला आणि टपकन वर आला. साऱ्या राज्याचे पाय थांबले. साळुंकी धपकन त्याच्या खांद्यावर बसली. दुसरा दाबला, आणि येसूची पाठ टेकली. तिसऱ्यापाशी बोट उचललं, तोच सुईण आतून म्हणाली, "थांब रे. हिला झोपवू नकोस. एवढ्यात नको."

भिवजी थांबला. दोन घटकांनी आतून बाळाचा टाहो आला. "मुलगी," सुईण म्हणाली, "दोघी धडधाकट." मग त्यानं तिसरा दट्टा दाबला.

तो स्वच्छ आवाज हद्दीवरच्या टेकडीपर्यंत गेला होता. दुसऱ्याच सुराला धूम्रजिव्ह मटकन चरीच्या काठावर बसला होता. त्यानं आधी पाय चोळले, मग मंत्र म्हणून शाप मागे घेतला, आणि तिसऱ्या सुराला तिथंच आडवा झाला. दुसऱ्या दिवशी राजानं त्याच्यासाठी चंदनाचा पाट पाठवला. दसऱ्याला तुतारीला आधी आंघोळ आणि मग लांबून एक फूल, असा नवा हुकूमही निघाला.

त्या संध्याकाळी कोणी तुतारी वाजवली नाही, तरी लोक ओट्यांवर ऐसपैस बसले. राजा बसला, भटजी बसले, चिमण्या बसल्या. एकटा भिवजी अंगणात येरझाऱ्या घालत होता, कारण लेक खांद्यावर होती आणि तो जरा टेकला की ती टाहो फोडत होती. त्या राज्याला जशी बैठक लाभली तशी तुम्हाआम्हाला लाभो, आणि भिवजीला चार महिन्यांनी का होईना, पण लाभो.