निरोपाचं अंडं

“पण बाबा, उकडायचं किती वेळ?”

“शिजेपर्यंत.”

“आणि शिजलं हे कळणार कसं?”

दगडूशा फकीर चुलीत फुंकर मारत होते. उत्तर धुराने दिलं. मुरार खोकला.

दगडूशांच्या तकियाची, म्हणजे फकिराच्या मठीची, रीत साधी. निरोप घेणाऱ्या शिष्याने स्वतःच्या हाताने अंडं उकडून बाबांना खाऊ घालायचं. सोलताना पांढऱ्यावर खळी पडली, तर निरोप नाही.

आणि मुरारला निरोप आजच हवा होता. बाहेर चिंचेखाली जीप उभी होती, हारतुऱ्यांनी सजलेली. कोळवाडीचे सरपंच रंगनाथराव त्याला आपल्या गावचे महाराज म्हणून न्यायला आले होते. गावात पाण्याची टाकी होती, बँक होती, फक्त महाराज नव्हते. शेजारच्या गावात दोन होते.

मुरार हट्टाचा पक्का. ध्यानात नाकावर डास बसला तरी हलत नसे. तो काय अंड्यापुढे हरणार होता?

पहिलं अंडं त्याने खळखळत्या पाण्यात वरून सोडलं. तुम्हीही तसंच सोडता, माहीत आहे मला. तडकलं. पांढरं बाहेर येऊन दाढीसारखं लोंबलं.

दुसरं घाईने काढलं. फोडलं तर आतून वाहिलं, थेट कोपरापर्यंत.

तिसरं चुलीवर ठेवून तो डोळे मिटून बसला. पाणी आटलं तेव्हा उठला. बलक कडेने हिरवा पडलेला, आणि वास असा की बाबांचं मांजर उठून गेलं.

बिघडलेलं सगळं सरपंचांनी खाल्लं. प्रसाद म्हणून.

“महाराज, आटपा! हार सुकायला लागले!” ते मिशा पुसत ओरडले.

चौथं बरोबर शिजलं. मुरारने ते गार पाण्यात टाकलं, टिचकी मारली, सोलायला घेतलं...

सालीबरोबर पांढऱ्याचा लचका आला. मग आणखी एक. अंडं देवी आलेल्या तोंडासारखं दिसायला लागलं.

“असं कसं, बाबा? सगळं नीट केलं. आणि अंडंसुद्धा ताजं! तुमच्यासाठी म्हणून सकाळी कोंबडीखालून काढलंय. हाताला ऊनऊन लागत होतं.”

“म्हणूनच.”

“म्हणजे?”

“आजचं अंडं साल सोडत नाही.”

मुरारचा चेहरा उतरला. मग ताठ झाला.

“अंडं नवं असेल. मी नाही. माझं मन स्थिर झालंय, बाबा. तुम्ही पाहिलंय.”

बाबांनी टोपलीतलं एक कच्चं अंडं घेतलं. फरशीवर आडवं ठेवून फिरवलं. वर बोट टेकवलं. अंडं थांबलं.

“स्थिर आहे?”

“आहे.”

बाबांनी बोट उचललं.

अंडं आपसूक पुन्हा फिरू लागलं...

साल थांबली होती, आतलं पातळ थांबलंच नव्हतं. मुरार बघत राहिला.

तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मुरारचा पाय चपलेकडे सरकला. सरकताना त्याचा त्यालाच दिसला.

बाबांनी अंड्याकडे पाहिलं. पायाकडे पाहिलं.

मुरार उठला. बाहेर गेला. जीपवरचा सगळ्यात मोठा हार काढून त्याने सरपंचांच्याच गळ्यात घातला.

“मी येत नाही. तुम्हीच व्हा महाराज.”

सरपंच “छे छे” म्हणाले. पण हार काही काढला नाही. जीप गेली.

मुरार परत येऊन चुलीपुढे बसला. जबडा आवळलेला. पातेल्यात गार पाणी ओतलं, ते फिरलेलं अंडं हळूच तळाशी ठेवलं, वर झाकण घातलं.

झाकण उचलून पाहिलं. ठेवलं. पुन्हा उचललं.

“बाबा... मला अजून किती वेळ लागेल?”

दगडूशांनी चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.

“झाकण ठेव.”