खिडकीतली बाभळीची खुंटी

बसा. त्या दगडावर नको, तो समाधीचा आहे. इकडे सावलीला या. दम लागला असेल. हे टेकाड दिसतं एवढंसं, पण चढताना भल्याभल्यांना घाम फोडतं. मीही आता रोज चढत नाही. पाहुणे आले की चढतो, आणि हल्ली पाहुणे फार येतात. खाली घरी चहा ठेवायला सांगितलाय, पण आधी गोष्ट आणि मग चहा, असा माझा नियम आहे. का, ते शेवटी कळेल.

गावातून येताना खिडक्या बघितल्या असतीलच. फोटो काढत होतात की! भुरेवाडीत घर जुन्या मातीचं असो की नव्या स्लॅबचं, टेकाडाच्या बाजूला एक खिडकी असतेच, आणि तिच्या झडपेत एका टोकाला तासलेली बाभळीची खुंटी अडकवलेली असते. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला, तेव्हापासून तुमच्यासारखी मंडळी विचारत येतात, "बाबा, रक्तपिशाच्च आत येऊ नये म्हणून ना ही?" सिनेमात बघितलेलं असतं. काळा झगा, दोन सुळे, आणि शेवटी छातीत खुंटी. आता काय बोलावं! खुंटी छातीसाठीच तासली होती, ते खरं आहे. पण ती खिडकीत कशी आली हे ऐकायला कुणाला वेळ नसतो. तुम्ही बसलाच आहात तर सांगतो. मध्ये फोन वाजला तर मी थांबणार नाही.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. साल विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. आम्ही गोसावी. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. मांडी घालून खड्ड्यात बसवतात, भोवती मीठ भरतात आणि वर माती लोटतात. त्याला समाधी म्हणायचं, मग आत साधू असो की घरातली सून. तर तेव्हा ह्या गावात भुजंगगिरी नावाचे एक गोसावी होते. त्यांची बायको केवळाबाई. लेकरं तीन. थोरली धुरपता, मधला रामगिरी आणि धाकटी कौसा.

धुरपता लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांत माहेरी परत आली ती खोकतच. संध्याकाळ झाली की अंग तापायचं. पोर पांढरी पडत चालली. पौषातल्या एका सकाळी तिला रक्ताची उलटी झाली आणि ती आईच्या मांडीवरच गेली. केवळाबाईनं फडक्यानं तिचं तोंड पुसलं, तर पुन्हा रक्त आलं. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं. शेवटी म्हणे तिनं पुसायचं सोडून दिलं आणि पदरानं तोंड झाकलं.

तिला इथंच आणली. खाली मुरूम लागला, पहार चालेना, खड्डा जेमतेम झाला. केवळाबाईला धास्ती पडली की कोल्ही उकरतील. ती घरी गेली आणि वर्षाचं साठवलेलं होतं नव्हतं तेवढं मीठ घेऊन आली. दुसरी बाई असती तर चार पसे टाकून हात झटकले असते. हिनं पोरीला गळ्यापर्यंत मिठात बसवली, चेहऱ्यावरही ओंजळीनं घातलं. आईच ती! ही मिठाची गोष्ट तेवढी लक्षात ठेवा.

चैत्रात भुजंगगिरी खोकायला लागले आणि पाऊस पडायच्या आत गेले. भादव्यात रामगिरी गेला. तोच ताप, तोच पांढरा फटक चेहरा, शेवटी तेच रक्त. एका वर्षात तीन समाध्या! केवळाबाई रडायची थांबली होती. भाकरी थापता थापता मध्येच हात थांबायचे, तव्यावरची करपायची, तरी तिला कळायचं नाही.

आज डॉक्टर सांगतात, तो क्षय होता, टीबी. एकाचा खोकला दुसऱ्याला लागायचा. पण तेव्हा कुणाला काय ठाऊक? लोकांना एवढंच दिसत होतं, की माणसाच्या अंगातलं रक्त दिवसादिवसानं कमी होतंय. मग ते जातंय कुठं? शेजारच्या गावात एक जाणता होता, अंगात यायचं त्याच्या. त्यानं सांगितलं, "जी पहिली गेली तीच मागच्यांना ओढतीय. तुमच्या खिडकीतून येती, रक्त पिती आणि परत जाऊन मातीत बसती."

झालं! गावानं टेकाडाच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या शेणामातीनं लिंपून टाकल्या. झरोके बुजवले, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. एकेका काळोख्या खोलीत सात-आठ माणसं, तीच हवा, तोच खोकला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, तसलाच प्रकार. दिवाळीपर्यंत खोकला घरोघर पसरला, आणि जितका पसरला तितक्या लोकांनी फटी घट्ट बुजवल्या. कुणाला हसू नका. भ्यालेला माणूस दार लावूनच घेतो.

दिवाळी झाली आणि कौसा खोकायला लागली. केवळाबाईचं आता तेवढं एकच लेकरू उरलं होतं.

भुजंगगिरींचा धाकटा भाऊ दौलतगिरी. वाईट माणूस नव्हता तो. तिन्ही समाध्या त्यानंच खणल्या होत्या. पण त्याचं घर भावाच्या भिंतीला भिंत लावून, आणि घरात बायको-लेकरं. भीती पोटात शिरली की माणसाचं काही चालत नाही. त्यानं बाभळीची खुंटी तासली आणि येऊन केवळाबाईच्या दारात उभा राहिला.

"वैनी, समाधी उघडावी लागंल. जाणता म्हणतो, धुरपताच्या छातीत खुंटी ठोकून तिला जाळली पाहिजे. न्हाईतर कौसा जाती, आन् मग आमची पाळी."

आता बघा, गोसाव्याचं माणूस जाळणं म्हणजे त्याला कुळातून काढून टाकणंच. दुसरी आई अंगावर धावून गेली असती. पण केवळाबाई म्हणे नुसती बघत राहिली. नको म्हणायलासुद्धा अंगात त्राण लागतं. ती म्हणाली, "उघडा. पण मी येणार."

भर दुपारी सगळे वर आले. माती काढली, मीठ बाजूला केलं, आणि लोक जे मागं सरले! धुरपता बसलेली होती तशीच होती. दहा महिने झाले तरी कुजली नव्हती. नखं वाढल्यासारखी दिसत होती, ओठांवर आणि हनुवटीवर लालकाळं रक्त. बायका किंचाळल्या. जाणता ओरडला, "बघा, बघा! प्यालेलं तोंडाला तसंच हाय!" दौलतगिरीनं खुंटी उचलली.

केवळाबाई खड्ड्यात उतरली. कुणाला वाटलं, लेकीला शेवटचं भेटतीय. तिनं पोरीच्या चेहऱ्यावरचं मीठ बोटानं काढलं, गाल चाचपला, मग मूठभर मीठ हातात घेऊन ती उगीचच त्याच्याकडे बघत राहिली. हे आपणच केलंय, हे तिला त्या क्षणाला कळलं.

"भावजी," ती म्हणाली, "मीठ लावलेली कैरी वर्षभर टिकती. माझी पोर का टिकणार न्हाई? मीच भरलंय की हे मीठ. कोल्ह्यांच्या भ्यानं भरलं." मग ओठांकडं बोट करून म्हणाली, "आन् हे रगत तिचंच हाय. माझ्या मांडीवर वकली ती. मी पुसून पुसून थकले, म्हणून राहिलं. कुणाचं पिऊन न्हाई आली ती."

पण पटलं कुणालाच नाही. जाणता म्हणाला, "आईची माया आंधळी असती. बाईला वर काढा."

"मी न्हाई निघायची," केवळाबाई म्हणाली. "मला सवा महिना द्या. मी हितंच राहते, समाधीपाशी. रक्ताची तहान असंल तर आधी माझं पिऊ दे तिला, मला तरी कुठं एवढं लागतंय. सवा महिन्यात कौसाला काही झालं, तर भावजी, ती खुंटी आधी माझ्या छातीत ठोका, मग तिच्या."

दौलतगिरीनं मान खाली घातली. "सवा महिना, वैनी," तो म्हणाला, मीठ-माती पुन्हा लोटली आणि खुंटी कमरेला खोचून खाली उतरला.

आता अडचण अशी, की टेकाड सोडावं तर कुणीतरी येऊन समाधी उकरणार, आणि टेकाडावरच राहावं तर खाली लिंपलेल्या घरात कौसा एकटी खोकत मरणार. दोन ठिकाणी जागल करायची ताकद केवळाबाईत उरली नव्हती. म्हणून तिनं कौसालाच घोंगडीत गुंडाळून वर आणली. लोक म्हणाले, बाई खुळी झाली, पोरीला वाघाच्या तोंडात देतीय. ही काही शहाणीसुरती वैद्य नव्हती हो! दमलेली बाई होती, तिनं दोन कामं एका जागी आणली, एवढंच.

चार मेढी रोवून वर पाचट टाकलं. भिंती नाहीत. दिवसभर ऊन, रात्री वारा, आणि जवळ एक शेळी. तिचं दूध कौसाला. पहिले पंधरा दिवस पोर नुसती निजून होती. मग खोकला सैल झाला. महिन्याभरानं ती शेळीमागं चार पावलं चालली. सवा महिना झाला, त्या दिवशी कौसा स्वतःच्या पायानं खाली विहिरीवर गेली आणि घागर भरून वर आली. विहिरीवरच्या बाया घागरी टाकून पळाल्या म्हणे.

गावात लगेच बोलवा उठली. केवळाबाई रोज करंगळी चिरून एक थेंब समाधीवर सोडते, त्यानं धुरपता शांत झाली. अजूनही कितीतरी जण तसंच सांगतात. कुणी तिला तोंडावर विचारलं तर ती म्हणायची, "असंल बाई." वाद घालायचा तिला कंटाळा होता.

आणि मग एके दिवशी दौलतगिरी टेकाड चढून आला. पाठीवर त्याची बायको होती. तिच्या पदराला रक्त लागलं होतं. त्यानं तिला हळूच खाली टेकवली. मग म्हणाला, "वैनी, हिला जागा हाय का?"

मला खरं सांगा, तुम्ही-आम्ही असतो तर चार शब्द सुनावले असते की नाही? मी तर सुनावले असते. केवळाबाईनं कौसाची घोंगडी जरा सरकवली. "निजव हितं," म्हणाली. "ती खुंटी कुठंय?"

तो शरमेनं काळाठिक्कर पडला. खुंटी अजून त्याच्या कमरेलाच होती.

"ती घेऊन खाली जा. खिडकीचं लिंपण उकर, आन् झडप पुन्हा मिटायची न्हाई अशी ती खुंटी मधी ठोक. मला काही कळत न्हाई भावजी. पण खाली तुमच्या खोलीत पाय टाकला, की माझाच जीव घुसमटतो. मग खोकणाऱ्याचं काय होत असंल?"

त्यानं तसं केलं. त्याचं बघून दुसऱ्यानं केलं, आणि मग सगळ्या गावानं. दौलतगिरीची बायको जगली की नाही, हे वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतात. आमच्या घरात सांगतात, की ती जगली. तिच्याच पोटी आमचा वंश पुढं चालला. हो, दौलतगिरी हा माझ्या आजोबांचा आजोबा. ती पहिली खुंटी आमच्याच खिडकीत आहे. आता तुम्हाला माझा राग आला तरी चालेल.

केवळाबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. कौसाची लेकरं तिनं खेळवली. पण नीट झोप तिला कधी लागली नाही म्हणतात. शेवटच्या दिवशी कौसानं मिठाची पाटी भरून तयार ठेवली होती. आईनं ती बघितली आणि म्हणाली, "ते नको घालू मला. मला टिकायचं न्हाई. मातीला लवकर मिळू दे, लई दमले गं." मग म्हणाली, "ते घरी ने. कालवणात घाल, सगळ्यांना वाढ."

ही बघा, ही थोरली समाधी धुरपताची, आणि तिला लागून ही केवळाबाईची. हिच्यात मिठाचा खडा नाही. आजही भुरेवाडीत माणूस गेलं की मिठाची पाटी टेकाडावर येते, समाधीला दाखवतात आणि तशीच परत नेतात. त्या मिठाचं कालवण करून सगळे एका पंगतीला जेवतात. आजही आमची ती खिडकी मिटत नाही. थंडी पडली तर आम्ही घोंगडी वाढवतो, खुंटी काढत नाही.

मागच्या साली त्याच खिडकीखाली माझ्या बायकोची खाट होती. टीबी. सहा महिने सरकारी गोळ्या घेतल्या, एक दिवस चुकवला नाही. डॉक्टरनं तपासून सांगितलं, पूर्ण बरी झाली. तरी गेल्या आठवड्यात शहरातनं एक कुटुंब आलं होतं, चांगली शिकलेली माणसं. गोष्ट अगदी डोळ्यांत पाणी आणून ऐकली. मग खाली गेल्यावर कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, आणि चहाचे कप जसेच्या तसे ओट्यावर ठेवून निघून गेली. बायकोनं ते कप पुन्हा एकदा विसळले.

म्हणून म्हटलं, आधी गोष्ट. आता तुम्हाला सगळं ठाऊक आहे. चहा तिच्याच हातचा आहे. घेणार असाल तर चला.